घरटी एक नंबर

ग्रामपंचायतीला मी दोनदा सपाटून पडलो. मग बिबट्याचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला आणि बिनविरोध अ‍ॅडमिन झालो.

ग्रुपचं काम एकच, बिबट्या दिसला की कळवायचं. पण खुर्ची मिळाली की माणसाला नियम सुचतात. मी फर्मान काढलं: गावचाच माणूस घ्यायचा, घरटी एक नंबर. बाहेरचे आले की कचरा वाढतो म्हणे. कचरा आमचा आम्हीच भरपूर करत होतो. सकाळी गुलाबाची फुलं, दुपारी देवांचे फोटो, संध्याकाळी एकमेकांच्या म्हशींची चौकशी. कुणाला घ्यायचं यावर मी आठवडाभर डोकं खाजवलं. बिबट्या कुणाकडं जाईल, हा प्रश्न काही पडला नाही.

त्याच हिवाळ्यात कांदा लावण्याआधी मी रानात मेंढ्या बसवल्या. लेंडीखताला तोड नाही राव. दरवर्षीचं धनगर जोडपं मीच बोलावून घेतलं. माझ्या घरापासून एक बांध सोडून त्यांनी जाळी लावली. कळपात एक गाभण मेंढी होती. आई मेल्यावर बाईनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. बाई भाकरी खाताना पहिला तुकडा तिला द्यायची.

एका संध्याकाळी नवरा बेल्ह्याच्या बाजाराला गेलेला, बाई एकटीच होती. ग्रुपवर मेसेज आला, 'ओढ्याकडच्या उसात बिबट्या. सावध राहा.' ओढा माझ्याच रानाला लागून. पटापट अंगठे पडले. मीही एक टाकला, गोठ्याचं दार लावलं आणि आपला कारभार किती चोख म्हणून मिशीवरून हात फिरवला.

सकाळी रानात गेलो तर बाई जाळीपाशी मटकन बसलेली. बिबट्यानं नेमकी तीच मेंढी नेली होती. आणि मी दीडशहाणा म्हणतो काय, "मावशी, ग्रुपवर आलं व्हतं की."

"कंच्या ग्रुपवर?"

माझं रान हिच्या मेंढ्यांवर पिकायचं आणि माझ्या यादीत ही बाहेरची. लाज वाटली, खरं सांगतो. ती झाकायला घाईघाईनं फोन काढला.

"नंबर सांगा, आत्ता घेतो."

तिनं कमरेचा बटणांचा फोन पुढं केला. "ह्याच्यात येतंय का?"

येत नव्हतं.

"ऱ्हाऊ द्या भाऊ," ती म्हणाली. "काल तुमी गोठ्याचं दार लावत व्हता, तवा मी चुलीपाशीच व्हते. तुमच्याकडंच बघत व्हते. नुसती हाक मारली असती, तरी आलं असतं ऐकू."