पदरावरचं पिंपळपान

ज्योत्स्नाकडे एकच साडी आहे, ही गोष्ट त्र्याण्णव साली अख्ख्या कन्हेरीला पाठ झाली होती. पांढरी, सुती, पांढऱ्याच दोऱ्यानं काठ भरलेली. सकाळी ती नेसून बारामतीच्या एसटीत बसायचं आणि संध्याकाळी घरी येऊन तीच धुवायची. बायका विचारायच्या, "काय गं, बाजीरावांना पगार मिळत न्हाय का?" बाजीराव म्हणजे तिचे वडील, पाटबंधारे खात्यात नोकरीला. बिचाऱ्यांनी शरमून नवी साडी आणली, ती पोरीनं आईला देऊन टाकली.

साड्यांची वाण नव्हती, पोरगी हट्टाला पेटली होती. पुण्यात तयार कपड्यांच्या एका कारखान्यात ती शिलाईला होती. दिवाळीला घेतलेला कपडा संक्रांतीला उसवावा, अशा बेतानं तिथं शिवायचे. ते मनाला लागलं आणि ती परत आली. बारामतीच्या शिवणक्लासात तिला स्वरूपा भेटली, कोऱ्हाळ्याच्या ऊसवाल्या घरातली सून. भरतकामात स्वरूपाचा हात धरणारं कुणी नव्हतं. दोघींनी मिळून तिथंच दुकान थाटलं. सोलापूरचं हातमागाचं उत्तम कापड, त्यावर पांढरंच भरतकाम, आणि बौद्ध नवरीसाठी अशी साडी की लग्नानंतर ट्रंकेत पडणार नाही, जन्मभर नेसली जाईल. किंमत मात्र शालूच्या तोडीची.

स्वरूपाच्या सासूबाईंनी नाक मुरडलं. सवाष्णीनं दिवसभर पांढरं काय भरत बसायचं! सासरे हिंदुराव तेवढे म्हणाले, "लगीनसराईपतुर बघू. एकबी गिऱ्हाईक न्हाय आलं, तर मशीन घरी आणायची."

डोक्यावर ही टांगती तलवार, आणि ज्योत्स्नानं वर स्वतःची अट घातली.

"मी वरीसभर नेसल्याबिगर एकबी साडी इकायची न्हाय. टिकती का न्हाय, ते आपल्यालाच म्हाईत नसलं तर लोकांना काय सांगायचं?"

"अगं, शालूच्या भावानं साडी इकणारी बाई रोज एकच नेसून बसली, तर गिऱ्हाईक पायरी तरी चढंल का?" स्वरूपा म्हणाली.

"न्हाय चढलं तर न्हाय."

आणि खरंच कुणी चढेना. पावसाळ्यात साडी वाळायची नाही. ज्योत्स्ना ओलसरच नेसून यायची आणि दिवसभर शिंकायची. विहिरीच्या मचूळ पाण्यानं कापड पिवळट पडायला लागलं, तेव्हा ती कालव्याचं पाणी डोक्यावरून वाहून आणू लागली. तिला वेड लागलंय, असं तिच्या आईलाही वाटायला लागलं होतं.

साखर कारखाना सुरू झाला तसे रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर धावायला लागले. एका ट्रॉलीच्या खिळ्यात पदर अडकला आणि टर्रकन फाटला. त्या दिवशी मात्र ज्योत्स्ना दुकानात बसून रडली.  स्वरूपानं पदर मांडीवर घेतला, फाटलेलं बारीक टाक्यांनी सांधलं आणि त्यावर पांढऱ्याच दोऱ्यानं एक पिंपळपान भरलं. दुसऱ्या दिवशी ज्योत्स्ना तीच साडी नेसून हजर.

वर्ष भरलं आणि लगीनसराई लागली. लासुर्ण्याच्या केसरबाई लेकीच्या, दिशाच्या, लग्नाची साडी बघायला आल्या. 'जयभीम' घालून त्यांनी मांडलेल्या साड्या चाळल्या, पण नजर राहून राहून ज्योत्स्नाच्या पदराकडे जात होती.

"ह्या ठिवा बाजूला. तुझ्या अंगावर हाय तसलीच नवी पायजे. आन हे पान हितंच पायजे, पदरावर."

हिंदुरावांनी दिलेली मुदत संपायला आली होती. स्वरूपानं ज्योत्स्नाच्या पायावर पाय दिला. हात दाखवून अवलक्षण कशाला?

ज्योत्स्नानं पाय काढून घेतला.

"मावशी, ही नवी न्हाय. वरीसभर रोज नेसतीय. आन ते पान म्हंजे ठिगळ हाय. खाली फाटलंय."

केसरबाईंनी पदर हातात ओढून घेतला. उलटा केला, सुलटा केला, पानावरून अंगठा फिरवला.  मशीन, दुकान, सगळं स्वरूपाला कोऱ्हाळ्याच्या वाटेला लागलेलं दिसत होतं. गिऱ्हाइकाला फाटका पदर दाखवणारी दुकानदारीण तिनं उभ्या जन्मात पाहिली नव्हती, आणि तिच्याबरोबरच आपण दुकान मांडलं याचा तिला रागही येत होता आणि अभिमानही वाटत होता.

"वरीसभर? रोज?"

"व्हय."

केसरबाईंनी पदर सोडला.

"मग घाला दिशाच्या मापाचं झंपर शिवायला, आन साडी ह्याच कापडाची द्या. पान मात्र नगं."

"का वो मावशी? आवडलं हुतं की तुमाला," स्वरूपा बोलून गेली.

"आवडलंय म्हणूनच. पोरीला नेसू दी, संसारात फाटू दी. मग घिऊन यीन मी. तवा भरा पान. तवर दुकान हितंच ठिवा म्हंजे झालं."