वीस मिनिटांची सुट्टी, बावीस मिनिटांची तबकडी

जुन्या तबकड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक सुरुवात ऐकून खरेदी करतं. मावशी शेवट ऐकायच्या. तबकडी खिडकीपाशी न्यायची, उजेडात तिरकी धरायची आणि सुई थेट आतल्या बोटभर जागेवर ठेवायची. मग मान हलायची, बहुतेक वेळा आडवी.

"लोक शितावरून भाताची परीक्षा करतात, मावशी. तुम्ही खरवडीवरून करता," दुकानदार म्हणायचा.

"आच कशी होती, ते खरवडच सांगते."

ही सवय गिरणीतली. मावशींनी एकतीस वर्षं कापड तपासलं होतं. ठाणाची सुरुवात सगळेच मन लावून विणतात. धागा सुटतो तो शेवटच्या वारात. तबकडीचंही तसंच. मध्याकडे जाताना रेघा आवळत जातात आणि बोथट सुई तिथेच सगळ्यात जास्त ओरबाडते. शेवट स्वच्छ, तर बाजू स्वच्छ. या एका नियमावर त्यांच्या कपाटात साठ-सत्तर तबकड्या जमल्या होत्या आणि एकही किरकिरत नव्हती.

कपाटात नव्हती ती फक्त एक. ती मात्र त्यांना हवीच होती.

गिरणीच्या जेवणघरात प्लेअर होता. तिथला व्यवस्थापक रोज दुपारी एका व्हायोलिनच्या तबकडीची तीच बाजू लावायचा. सुट्टी वीस मिनिटांची आणि बाजू बावीस मिनिटांची. वादन अगदी कळसाला पोचायचं आणि भोंगा वाजायचा. मावशींनी एकदा विनवलं होतं, "दोन मिनिटं आधी लावा ना."

"आधी लावून ऐकणार कोण? भांडी?"

गिरणी बंद पडली, तबकडी भंगारात गेली. ती दोन मिनिटं राहूनच गेली. पुढे या दुकानात त्याच वादनाची दुसरी प्रत तीनदा आली. तीनही वेळा मावशींनी शेवट लावून पाहिला आणि तीनही वेळा सुरांऐवजी नुसती चरचर ऐकू आली.

त्या शनिवारी दुकानदाराने चौथी समोर ठेवली. मावशींनी ती उजेडात धरली. काळी, नितळ, पार आतपर्यंत. त्यांनी ती प्लेअरवर ठेवली, सुई आतल्या बोटभर जागेवर नेली आणि हात तिथेच थबकला.

"काय झालं? टेकवा की."

"नको."

"अहो, तुम्ही आणि न ऐकता?"

"ही नीट वाजली, तर शेवट इथे उभ्याउभ्या, मधूनच ऐकून होईल. एवढी वर्षं थांबले ती अशी ऐकायला नव्हे."

"आणि किरकिरली तर? एकदा नेलेली मी परत घेत नाही, माहितीये ना?"

"माहितीये. बांध."

दुकानदाराने जन्मात पहिल्यांदा त्यांना न ऐकता काही विकलं. सुतळीची गाठ मारताना तोच जास्त धास्तावलेला दिसत होता.

घरी धाकट्या बहिणीने पुडकं पाहिलं. "ताई, कपाटाचं दार लागत नाही आता."

"ही शेवटची."

"गेल्या महिन्यातलीही शेवटचीच होती," म्हणत ती भांडी घासायला वळली.

मावशींनी सुई काठावर, अगदी सुरुवातीला ठेवली. आधी ध्वनिमुद्रणाच्या खोलीतली शांतता ऐकू आली. वादकाने श्वास घेतला तोसुद्धा. जेवणघरातल्या ताटवाट्यांच्या खणखणाटात हा श्वास त्यांना कधी ऐकू आलाच नव्हता. मग पहिला सूर, संथ, जवळचा, शेजारच्या खुर्चीत बसून कुणी वाजवावा तसा. सगळं ओळखीचं होतं, तरी धुऊन वाळवल्यासारखं लख्ख.

सूर चढत गेले. विसावं मिनिट आलं आणि मावशी खुर्चीतून अर्ध्या उठल्या. पाय आपोआप चपला शोधू लागले.

बहीण नळ बंद करून दारात आली होती. "बस गं. इथे कुठला भोंगा?"

मावशी ओशाळून हसल्या आणि बसल्या. पुढचं त्यांना अनोळखी होतं. कळसानंतर काहीतरी धडाक्याचं असेल, असं त्यांनी वर्षानुवर्षं धरून ठेवलं होतं. तसं काही नव्हतं. व्हायोलिन एकेक पायरी उतरत अगदी सुरुवातीच्या सुरावर आलं, आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्या भल्या माणसाने तार थरथरून शांत होईपर्यंत यंत्र चालू ठेवलं होतं. मध्ये एकदाच बारीक टिक् झालं. ठाणात अशी एखादी गाठ असली, तरी मावशी शिक्का मारायच्या.

"मग?" बहिणीने विचारलं.

"पास," मावशी म्हणाल्या.

"आणि पलीकडच्या बाजूला काय आहे?"

मावशींनी तबकडी उचलून उलटून पाहिली. "कुणास ठाऊक. जेवणघरात ती कधी लावलीच नाही त्याने."

बहिणीने पदराला हात पुसले आणि दुसरी खुर्ची ओढली.