मावशीचं सासरचं नाव

कुर्डूवाडीला गाडीतून उतरलो तेव्हा माझ्या पिशवीत दोन धोतरं, दशम्यांचा डबा, आईनं मावशीसाठी दिलेला हिरवा खण आणि एक चिठ्ठी होती. चिठ्ठीवर मी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : यमुना भ्र. (भ्रतार, म्हणजे नवरा) दत्तात्रय मास्तर, मु. परंडा. इतका नेमका तपशील हाताशी असल्यावर माणूस दोन दिवसांत सापडलाच पाहिजे, याबद्दल मला शंका नव्हती.

मी आमच्या कृष्णाकाठच्या गावी नगरपालिकेत जन्ममृत्यूच्या नोंदी करतो. गेली अठरा वर्षं माझ्या सहीवाचून गावात कुणी जन्मलं नाही की मेलं नाही, असं मी गमतीनं म्हणत असतो. बायकोला त्यात काही गंमत वाटत नाही.

आईला काचबिंदू झाला आहे. डॉक्टर म्हणाले, वर्षभर दिसेल, पुढचं सांगता येत नाही. आई शांतपणे म्हणाली, "मग मला काशी नको नि रामेश्वर नको. डोळे आहेत तोवर यमूला बघायचंय." यमू ही तिची पाठची बहीण. लहानपणीच मोगलाईत (निजामाच्या मुलखाला आमच्याकडे असंच म्हणत) दिलेली. मास्तरांची वर्षाला दोन पत्रं यायची, ती रझाकारांच्या धामधुमीत थांबली. नंतर धाडलेली आमची पत्रं परंड्याहून परत आली. तो मुलूख पुढं भारतात आला, मग मुंबई राज्यात आला, आता दोन वर्षांपूर्वी महाराष्ट्रात आला. मावशी मात्र यांपैकी कुठल्याच राज्यात सापडली नव्हती.

परंड्याच्या एस.टी.त शेजारी एक पटकेवाले म्हातारबाबा बसले होते. दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन, हुरड्याला आलेली ज्वारी आणि मधूनच गोफण घेऊन माळ्यावर उभी असलेली बाई. बाबांनी विचारलं, "कुनाकडं जायाचं?"

"दत्तात्रय मास्तरांकडं. पूर्वी इथं होते."

"चार जनाला इचारा. घावतील."

"विचारायची गरज नाही," मी म्हणालो, "दप्तरात बघतो."

बाबांनी माझ्याकडं जरा कीव आल्यागत पाहिलं आणि खिडकीबाहेर तंबाखू थुंकली. वारा माझ्या बाजूचा होता. परंड्याला उतरल्यावर पहिलं काम सदरा धुण्याचं करावं लागलं.

सदरा वाळेपर्यंत किल्ला पाहिला. तटावर अवाढव्य तोफा आहेत आणि त्यांच्या सावलीत शेळ्या झोपतात. मग कचेरीत गेलो. निवडणुका तोंडावर आल्यामुळं मतदारयाद्या टेबलावरच होत्या. गळ्याला मफलर गुंडाळलेल्या कारकुनानं माझी चिठ्ठी वाचली. मीही कारकूनच, म्हणजे जातभाई, आहे हे कळल्यावर खुर्ची दिली, चहा मागवला.

"यमुना हे म्हायेरचं नाव असंल," तो म्हणाला. "सासरचं काय?"

मी चिठ्ठी परत घेऊन वाचली. लग्नात मुलीचं नाव बदलतात हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? माझी बायको माहेरची कमल. अंतरपाट दूर झाल्यावर मीच तांदळात अंगठीनं 'सुधा' काढलं. पण मावशीच्या ताटात मास्तरांनी काय काढलं, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आईला ती यमू, आम्हांला यमूमावशी आणि पाकिटावर मास्तरांचं नाव. इतकी वर्षं काही अडलं नव्हतं.

"असू द्या, नवऱ्यावरनं काढू," असं म्हणून त्यानं कपाटातून पहिल्या निवडणुकीची यादी काढली. दत्तात्रय मास्तर लगेच सापडले. त्यांच्याखाली ओळ होती : 'दत्तात्रय मास्तर यांची पत्नी'. पानभर तेच. अमक्याची पत्नी, तमक्याची आई.

"बाया नावच सांगत न्हाईत हो परक्या मानसाला," कारकून म्हणाला. "नवऱ्याला इचारावं तर तोबी बायकोचं नाव घ्यायला लाजतो. मग वरनं हुकूम आला, असल्या बिननावी बाया काढून टाका. काढल्या. नव्या यादीत मास्तरबी न्हाईत. बदली झाली असंल. जिल्ह्याला जावा."

धडा इथंच घ्यायला हवा होता. पण मी तर उलट खूष झालो. कागदाला पुढचा कागद फुटला होता.

बार्शीवरून उस्मानाबादला पोचलो. वाटेत टायर बसलं, तेव्हा एका शेतकऱ्यानं साऱ्या गाडीला बांधावर बसवून हुरडा खाऊ घातला. उस्मानाबादेत धपाटे (ज्वारीच्या पिठाची तिखट पोळी) आणि घट्ट दही खाऊन दप्तरखान्यात गेलो. तिथं निजामी अमदानीतल्या मास्तरांच्या नोकरीची बुकं होती, सारी उर्दूत. ती वाचू शकणारे एक वृद्ध मुन्शीजी. त्यांना सेवानिवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, पण ते घरी बसले तर दप्तर मुकं होईल म्हणून रोज बोलावून आणत.

"बैठो साहेब, घाई नक्को," मुन्शीजी म्हणाले. चष्मा पुसून त्यांनी बोट फिरवलं. "दत्तात्रय मास्तर. मदरसा तहतानिया (प्राथमिक शाळा), परंडा. तेराशे साठला तबादला (बदली), जळकोट."

"तेराशे साठ?" मी चपापलो. मला वाटलं, बहामनी काळातले कुणी दुसरेच मास्तर निघाले.

"फसली सन हाय साहेब. त्यात पाचशे नव्वद मिळवा, तुमचा सन येतो." ते हसले. "मास्तर लई नेक आदमी. आख्ख्या परंड्याला शिकवलं."

"आणि कुटुंब?"

त्यांनी पुन्हा चष्मा पुसला. "लिहिलंय की. ज़ौजा, एक." (म्हणजे बायको, एक.) "नाव कुठलं असतंय साहेब? खानाच (रकानाच) न्हाय."

वाटेत तुळजापूरला देवीचं दर्शन घेतलं. आईच्या डोळ्यांसाठी नवस बोललो. भोप्यांनी (देवीच्या पुजाऱ्यांनी) गाव आणि कूळ विचारून लांबलचक चोपडी उलगडली आणि माझ्या सात पिढ्या घडाघडा वाचून दाखवल्या. सातही पिढ्यांत पुरुषच. त्या एकीपासून दुसरी कशा झाल्या, याचा खुलासा चोपडीत नव्हता.

अणदूर मागं टाकून गाडी जळकोटला पोचली तेव्हा दुपार झाली होती. हे हमरस्त्यावरचं गाव. थांब्यावर चहाचं हॉटेल होतं, आत दहा-बारा माणसं बसली होती. त्यांपैकी एकाला विचारलं असतं तर हे प्रवासवर्णन इथंच संपलं असतं. मी थेट चावडी गाठली.

तलाठी तरुण, गावात नवा आणि अदबशीर होता. त्यानं दोन बुकं काढली. पहिल्यात मास्तर सापडले : मयत. सात वर्षं झाली होती. मी रोज असे मयत लिहितो, पण या वेळी त्या शब्दावरून नजर हलेना. पिशवीतला हिरवा खण आठवला.

"आणि त्यांच्या पत्नी?"

त्यानं दुसरं बुक दोनदा चाळलं. "घर मास्तरांच्याच नावावर हाय अजून. बाईमानूस कुनी दिसंना. वारल्या असत्या तर नोंद असती. न्हाय म्हंजी गाव सोडलं असंल." बुक मिटून तो म्हणाला, "वाईट वाटतं, पर हितं न्हाईत त्या."

आता आईला काय सांगायचं? तेवढ्यात ग्रामसेविका शिक्का मारून घ्यायला हजेरीपुस्तक घेऊन आली. बायकांचा दुपारचा साक्षरतेचा वर्ग ती चालवत होती. पुस्तक माझ्यापुढं पडलं आणि केवळ सवयीनं मी ते वाचू लागलो. बरेच अंगठे, काही सह्या. सर्वांत खाली, चार ओळींची जागा खाऊन बसलेली, थरथरती, ठळक अक्षरं : यमुना.

"ही कोण?" मी विचारलं.

"मास्तरीणबाई," ग्रामसेविका म्हणाली. "बाकीच्या सासरचं नाव लिव्हत्यात. ह्या म्हनल्या, हे नाव आजवर कुनी कागदावर घातलं न्हाई, तर मीच घालते."

तलाठ्यानं शिक्का खाली ठेवला. "मास्तरीणबाई? अवो, माझं बिऱ्हाड त्यांच्याच घरात हाय की! सकाळचा च्या त्यांच्याच हातचा पितो म्या." मग खाली मान घालून म्हणाला, "पर त्यांचं नाव कदी इचारलंच न्हाय, नि त्यांचे मास्तर कोन त्येबी न्हाय."

मला त्याला हसता आलं नाही. मी चार दिवस तेच करत हिंडत होतो.

मावशी ओसरीवर पाटी मांडीवर घेऊन बसली होती. लाल आलवण (विधवेचं लुगडं), डोक्यावर पदर आणि बोटं खडूनं पांढरी. मला पाहून म्हणाली, "कोण रं? ताईचा का तू? नाक तिचंच हाय." मग पाटी बाजूला ठेवून तिनं मला जवळ ओढलं. मला रडू आलं, हे लिहायला मी लाजत नाही.

"पत्र का नाही पाठवलंस गं? कुणाकडूनही लिहून घ्यायचंस."

"धामधुमीत ह्यांची पत्रं तुमच्यापर्यंत पोचली न्हाईत, उत्तर येईना म्हणून ह्यांनी लिहायचं सोडलं. मग मास्तर गेले हे दुसऱ्याच्या हातानं कसं कळवू? म्हटलं, आपल्याला आलं की लिहावं." ती हसली. "साऱ्या गावाला शिकवलं त्यांनी. मी चूल फुंकताना ऐकत होते. घरात पाटी काही आली न्हाई. वर्गात बसायला मलाबी बरीच वर्षं धीर झाला न्हाई."

"सासरचं नाव काय होतं तुझं?"

"लक्ष्मी. तांदळात लिहिलं, तांदूळ शिजवून खाल्ले. त्या नावानं कुणी हाक मारली न्हाई. हे 'अगं' म्हणायचे, गाव मास्तरीणबाई म्हणतं."

खण मी काढणारच नव्हतो, पण तिला पिशवीतून काठ दिसला. "ताईला काय म्हाईत," ती हळूच म्हणाली. खण तिनं गालाला लावला. "अंगावर आता शोभत न्हाई. पाटीला दप्तर शिवते ह्याचं."

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर निघाली, काखेला हिरवं दप्तर. निरोप द्यायला थांब्यावर सारं गाव लोटलं होतं.

घरी आईनं तिला उंबऱ्यातच थांबवलं, दोन्ही हातांनी तोंड उजेडाकडं वळवलं आणि कितीतरी वेळ बघत राहिली. "यमे, वाळलीस गं," एवढंच म्हणाली. मावशीनं पाटी काढून आपलं नाव लिहून दाखवलं. आईला वाचता येत नाही. तरी तिनं पाटी डोळ्यांशी धरली आणि ओल्या बोटांनी एक अक्षर पुसलं गेलं, तर मावशीनं ते पुन्हा काढलं.

त्याच आठवड्यात शिधापत्रिकेचा नवा अर्ज आला. घरात एक माणूस वाढलं होतं. मी ऐटीत दौत-टाक घेऊन बसलो. मावशीच्या रकान्यात यमुना लिहिलं. पुढच्या रकान्यापाशी थांबलो आणि लग्नाला सोळा वर्षं झाल्यावर पहिल्यांदा बायकोला विचारलं, "तुझं नाव कोणतं घालू?"

तिनं पदराला हात पुसले आणि म्हणाली, "टाक इकडं द्या."