खांद्यावरचा हात

आई गेली, तेव्हा फ्रेमसाठी तिचा एकटीचा फोटो घरात सापडेना. शेवटी मावसबहिणीच्या लग्नातला एक फोटो घेऊन मी आणि बाबा स्टुडिओत गेलो. त्यात आई मनापासून हसत होती आणि शेजारी बाबा उभे होते.

स्टुडिओतल्या बाई कॉम्प्युटरवर काळा ब्रश फिरवू लागल्या, तसे बाबा हळूहळू दिसेनासे झाले.

“काका, तुम्हाला पुसलं नाहीये हं, नुसतं झाकलंय,” त्या म्हणाल्या. “पांढरा ब्रश फिरवला की परत येतं.”

त्यांनी करून दाखवलं. बाबा पुन्हा आईशेजारी उभे राहिले. मला घर आठवलं. तिथे आम्हीही आईचं सगळं नुसतं झाकूनच ठेवत होतो. साड्या कपाटात, चष्मा खणात. पण कुठलंही कपाट उघडलं तरी ती परत येत नव्हती.

आईच्या खांद्यावर बाबांचा हात होता. तिथे बाई थबकल्या.

“हाताखालची साडी फोटोत आलेलीच नाही. तेवढा खांदा मला नव्याने काढावा लागेल.”

“नको,” बाबा म्हणाले. “तिचं नाही असं काही नको. हात राहू दे.”

आता भिंतीवर आई हसते आणि तिच्या खांद्यावर एक हात आहे. खाली खुर्चीत बाबा बसलेले असतात. तो हात त्यांच्या मांडीवर रिकामा पडलेला असतो.