रस्त्यावरचं धान

भावाच्या अपघाती मृत्यूच्या दाव्यासाठी मी भंडाऱ्याच्या कोर्टात बसले होते, तेव्हा एक वयस्क माणूस शेजारी होता. कोणी समोरून गेलं की न वाकणारा पाय दोन्ही हातांनी उचलून बाजूला घ्यायचा. अड्याळजवळ त्याच्या मोटारसायकलला ट्रकनं उडवलं होतं.

“काकाजी, डाव्या बाजूनं जात होतो, एवढंच सांगा,” त्याचे वकील बजावत होते. “चूक तुमची निघाली तर दावा गेला.”

“पण तिकडे धान वाळू घातलं होतं जी. लोकायच्या धानावरून गाडी कशी नेवाची?”

आत त्यानं धानाचंच सांगितलं. बाहेर आल्यावर वकील त्याला तिथेच सोडून पुढे निघून गेले.

मी विचारलं, “कोणाचं होतं धान?”

“मले काय मालूम, ताई? धान होतं ना.”