सेकंडहँड लेन्स

चंद्रपुरात कॅमेऱ्याच्या दुकानात जाऊन लेन्स मागा. दुकानदार आधी विचारतो, "वाघासाठी का भाऊ?" नाही म्हटलं की त्याचा चेहराच उतरतो. आमच्याकडे लेन्स म्हणजे हातभर लांब, जंगल सफारीत जिप्सीतून वाघावर रोखायची. मी भद्रावतीत राहून लग्न-बारशाचे फोटो काढणारा माणूस. वाघानं मला आजवर एकही ऑर्डर दिलेली नाही.

माझा कॅमेरा मिररलेस, लहान सेन्सरचा. त्याला क्रॉप सेन्सर म्हणतात. बॉडी स्वस्तात पडली म्हणून मी हुरळलो होतो, पण खरी गोम लेन्समध्ये असते हे नंतर कळलं. सोबत आलेली लेन्स उन्हात ठीक. धानोऱ्याकडच्या एखाद्या घरात, अंधाऱ्या खोलीत नवरीला हळद लागत असली की ती हात टेकते. मला हवी होती कमी उजेडात चालणारी, लहानशी. मोठ्या सेन्सरवाल्या मिळतात, पण किंमत ऐकून घाम फुटतो. माझ्या कॅमेऱ्याच्या मापाच्या लेन्स कंपन्या मोजक्याच काढतात, आणि त्या इथं कोणी ठेवत नाही. चंद्रपूरवाला म्हणे नागपूरहून मागवू, नागपूरवाला म्हणे मुंबईहून. वैताग नुसता!

शेवटी मी जुन्या लेन्सच्या मागे लागलो. दमटपणानं त्यांच्या काचेत बुरशी धरते, तेवढीच धास्ती. सकाळ-संध्याकाळ फोनवर माझं एकच पालुपद: "सेकंडहँड चालन ना भाऊ, पण काचेले बुरशी नको." आई दारात बसून ऐकायची.

आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तांदळातले खडे ती बोटांनी चाचपून काढायची. मी समोर उभा राहिलो तरी "कोन होय?" विचारायची, आणि ते मला फार लागायचं. पण ऑपरेशनचं नाव काढलं की भडकायची. "मले दिसते सारं. काऊन माह्या डोयाच्या मागं लागला?" मी समजावून समजावून थकलो होतो.

आणि एक दिवस जेवताना ती आपणहून म्हणाली, "कवा जायचं मंग दवाखान्यात?" मी घास तसाच धरून बसलो. अखेर आपलं बोलणं पटलं म्हणायचं! बहिणीला फोन करून मी फुशारकीही मारून घेतली.

त्याच आठवड्यात पार्सल आलं. मुंबईच्या कुण्या फोटोग्राफरनं वापरून विकलेली, माझ्या मापाची लेन्स. मी खोका फोडला तर आई सरकत जवळ आली, म्हणाली, "पाहू दे." मी तिच्या हातात दिली. तिनं ती फिरवून फिरवून चाचपली आणि घाबऱ्या आवाजात म्हणाली, "येवढी मोठी डोयात कशी बसन रे?"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे मोतीबिंदू काढला असं कोणी म्हणत नाही, लेन्स टाकली म्हणतात. इतके महिने मी घरात लेन्स लेन्स करत होतो, आणि ते सगळं आपल्यासाठीच चाललंय असं ती समजली होती. शेजारच्या बाईलाही सांगून आली होती, लेक माह्यासाठी मुंबईवरून लेन्स बलावून राह्यला म्हणून.

मला हसू फुटलं, आणि लगेच रडूही यायला लागलं. खोटं बोलवेना. "माय, हे कॅमेऱ्याची होय," म्हणालो. ती हसली नाही. आता ही पुन्हा ऑपरेशनला नाही म्हणणार, असं मला वाटलं.

तिनं चाचपत लेन्सचं झाकण लावलं, ती माझ्या हातात दिली.

"मंग माही कुठी हाय?"

मी उत्तर द्यायच्या आत तीच समजुतीच्या सुरात म्हणाली, "सेकंडहँड असन तरी चालन मले. बुरशी तेवढी पुसून घेजो."