बोटीची गोष्ट, बोटाची खोट

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. मला ओळखणारा माणूस हे वाक्य वाचून खो खो हसेल, कारण मी न सांगितलेलं काही शिल्लक तरी आहे का? माझं अपेंडिक्स काढलं, त्याला वीस वर्षं झाली. अपेंडिक्स गेलं, पण त्याची गोष्ट अजून ठणठणीत आहे. मखमलाबादला आमची फुलशेती. लग्नसराईत मंडप सजवायला जातो फुलं घेऊन, आणि शेवटी माईकही माझ्याच हातात सापडतो. असा मी माणूस.

बोटीची गोष्ट तर मी शंभरदा सांगितली असेल. आक्का खुर्चीत कशी बसली, हात कसा हलवला — नाशिकमध्ये अर्ध्या लोकांना ती पाठ आहे. पण त्या गोष्टीत एक जागा येते. तिथे आलो की मी आवाज चढवतो, हात उडवतो, आक्काची नक्कल करतो, आणि तेवढ्यात ती जागा मागे पडते. जादूगार काय करतो? उजवा हात हलवतो, तुम्ही उजवीकडे बघता. आज — बघा जमतंय का — डावा दाखवतो.

आपल्या भाषेची गंमत अशी की समुद्रात चालते तीही बोट आणि हाताला असतं तेही बोट. मी सगळ्यांना बोटीची गोष्ट सांगत आलो. खोट होती ती बोटात.

तर. तीन वर्षांपूर्वी आम्ही तिघं सिंगापूरहून चार रात्रींच्या क्रूझवर गेलो होतो. मी, माझी बायको सुमन आणि माझी थोरली बहीण आक्का. आक्का तेव्हा एकोणसत्तरची. दरवर्षी सप्तशृंगीच्या पायऱ्या चढणारी, मध्ये कुणी बसलं तर वरून ओरडणारी, "बसा बसा, मी देवीला सांगते तुम्ही येऊन ऱ्हायले म्हणून!" तिकिटं आधीच काढलेली. निघायच्या पाच दिवस आधी सूनबाई बाळंत झाली, तारखेच्या तीन आठवडे अगोदरच. मुलगी! सूनबाई माहेरी, सिन्नरला. व्याही म्हणाले, तुम्ही जाऊन या, बाराव्या दिवशी बारसं करू.

माझ्या मुलाला बहीण नाही, म्हणजे बाळाला सख्खी आत्या नाही. मग कानात नाव सांगायचं कुणी? मान आक्काचा. माझ्या मुलाच्या कानात नाव तिनेच सांगितलं होतं; तिला स्वतःचं लेकरू नाही. बोटीवर चारही दिवस ती डेकवरच्या आरामखुर्चीत बसून बाळासाठी कुंची शिवत होती. समोर अख्खा समुद्र, हिचं लक्ष टाक्यावर. नाव काय ठरवलंय ते कुणालाच सांगेना. मी खोदून खोदून विचारलं, तर म्हणाली, "पहिलं तिच्या कानात. तुझे कान लय मोठे हायेत भाऊ, पण नंबर लागंल तवा."

हिशोब सरळ होता. बोट सकाळी सातला बंदराला लागणार, अकराचं विमान मुंबईला, संध्याकाळी घाट चढून नाशिक, दुसऱ्या दिवशी सकाळी बारसं. ते विमान चुकलं तर पुढच्या जागा दोन दिवसांनंतरच्या. म्हणजे पाळण्यापाशी दुसरंच कुणी वाकणार आणि आक्काने शिवलेली कुंची आक्काशिवाय बाळाच्या डोक्यावर चढणार.

आता बोटीतून उतरणं म्हणजे काय आपल्या महामार्ग बसस्टँडवर उतरणं नाही. दोन हजार माणसं! प्रत्येकाला रंगाची पट्टी, रंग पुकारला की उतरायचं. आमची तपकिरी, म्हणजे साडेनवाच्या पुढे. ज्यांना घाई आहे त्यांनी आदल्या रात्री नऊच्या आत काउंटरवर नाव द्यायचं. त्यांना सगळ्यांत आधी सोडतात. सुमनने मला तीनदा सांगितलं. "अहो, ते नावाचं बघा." बघतो. "अहो, आठ वाजले." बघतो गं!

मी कुठे होतो? स्टेजवर. प्रवाशांच्या कलागुणांचा कार्यक्रम होता. माईक दिसल्यावर मी काउंटरकडे जाणार? मी लासलगावच्या कांद्याच्या लिलावाची नक्कल केली. ट्रॉलीवर उभा राहून ओरडणारा, मुठीत कांदा घेऊन नाक मुरडणारा व्यापारी, मागे सुरू होणारा ट्रॅक्टर — सगळे आवाज मीच. "बोला, बोला, कांदा हसतोय, तुम्ही का रडताय!" पब्लिक नुसतं लोळत होतं. पुढच्या रांगेत मध्य प्रदेशातले एक वयस्कर गृहस्थ होते, दोन गुडघ्यांमध्ये काठी, शेजारी बायको. ते तर हसता हसता डोळे पुसत होते. नंतर खास थांबून मला म्हणाले, "क्या कलाकार हो भाई! पेट दुख गया." बोलता बोलता कळलं, उद्या आमचं नि त्यांचं विमानही एकच. लोकांनी पुन्हा पुन्हा म्हटलं, मी पुन्हा पुन्हा लिलाव केला. खाली आलो तेव्हा सव्वानऊ झाले होते. काउंटर बंद.

घरच्यांना मी सांगितलं, यादी भरली होती. यादी भरलेली नव्हती. हे एक. पण ही ती गोष्ट नव्हे.

सकाळी सातला आम्ही बॅगा घेऊन दाराशी. रात्री बॅगा बाहेर ठेवायच्या असतात, पण आक्का कुंची असलेली बॅग कुणाच्या हाती देईना म्हणून आमच्या बॅगा आमच्याजवळच. दाराशी ही रांग! आक्का विचारतेय, "भाऊ, विमान थांबंल ना रे?" आणि मला समोर भिंतीला लावलेली, एकच उरलेली चाकांची खुर्ची दिसली. शेजारी टेबल, टेबलावर यादी, यादीमागे एक गोड मुलगी. खुर्चीवाले सगळ्यांच्या आधी, वेगळ्या लिफ्टने.

मी आक्का नि सुमनला म्हटलं, जा, खिडकीतून शेवटचा समुद्र बघून घ्या. आणि चेहरा पाडून टेबलापाशी गेलो. मोडक्या इंग्रजीत, जड आवाजात: माझी बहीण, गुडघे, चालवत नाही. माझे डोळे भरून आले होते हो! खरंच भरून आले होते, हीच तर माझी अडचण आहे. मुलगी म्हणाली, खुर्ची कालच सांगून ठेवली होती का? मी म्हटलं, हो. खोली नंबर?

इथे मी नेहमी हात उडवतो. इथेच आवाज चढवतो. आज हळू सांगतो.

फुलबाजारात चाळीस वर्षं गेली माझी. समोरच्या व्यापाऱ्याच्या हातातली चिठ्ठी उलटी वाचणं हे आमच्याकडे पोरंसुद्धा शिकतात. ती यादीही मला उलटीच दिसत होती. चार ओळी होत्या. फक्त तिसऱ्या ओळीपुढे खूण नव्हती. मी त्या ओळीवर बोट ठेवलं, आणि तो नंबर मोठ्याने, अगदी ऐटीत वाचून दाखवला. मुलीने खूण केली, हसली. खुर्ची माझी झाली.

म्हणजे कुणाची तरी माझी झाली.

आता आक्काला तीत बसवायचं होतं. ती खुर्ची बघूनच फणकारली, "मी नाय बसायची. पांगळी झाले का मी?" पाच सेकंद मिळाले मला. मी म्हटलं, "आक्के, ही आजाऱ्याची नाही गं, मानाची आहे. बोटीवरच्या सगळ्यांत मानाच्या बाईला कॅप्टन या खुर्चीतून उतरवतो. तुझं नाव निघालंय!" सुमनने माझ्याकडे असं बघितलं की दुसरा असता तर तिथेच वितळला असता. पण आक्का? तिने पदर सारखा केला, कुंचीची पिशवी मांडीवर घेतली आणि बसली, अशी बसली, जशी देवी रथात बसते. "चला," म्हणाली.

आम्ही निघालो आणि मागे टेबलापाशी कुणीतरी आलं. मी वळून बघितलं. ते काठीवाले गृहस्थ आणि त्यांची बायको. मुलगी यादीवर बोट फिरवत होती, मान हलवत होती. त्यांच्या बायकोने खोली नंबर सांगितला. मी जो वाचला होता तोच. मला स्वच्छ ऐकू आला.

दहा पावलं होती. मोजून दहा. मी मागे जायला हवं होतं की नको? त्या गृहस्थांनी मला बघितलं, काठी उंचावून सलाम केला, हसले. आक्काने त्यांना राणीसारखा हात केला. लिफ्ट आली. मी आत गेलो.

आणि खाली? खुर्ची लगेच परत जायला हवी होती. पण आक्का उतरेना! बोटीसमोर एक फोटो, खुर्ची ढकलणाऱ्याबरोबर एक, कुंची हातात धरून एक. मी टॅक्सीसमोर उभा राहून फोटो काढत होतो. घाई होती ना आम्हाला? होती. तरी काढले. आक्काच्या कपाटावर त्यातला एक अजून आहे.

विमानात आम्ही वेळेआधी बसलो. दार बंद व्हायच्या बेतात, सगळे माना उंचावून बघतायत, आणि ते आले. चालत. एका हातात काठी, दुसऱ्या हाताने एकेक खुर्चीची पाठ धरत, घामाने भिजलेले. मागे त्यांची बायको, दोन्ही बॅगा तिच्याकडे. आमच्या रांगेशी पोचायला त्यांना किती वेळ लागला असेल? मला डोळे मिटायला पुरेल एवढा.

मी झोपलो. म्हणजे मान एका बाजूला टाकली, तोंड किंचित उघडं ठेवलं — कलाकार ना! बारीकसं घोरलोसुद्धा.

"अरे, ये तो अपने कलाकार!" त्यांचा आवाज, अगदी डोक्यावर. धाप लागलेली. मग हळूच, "सो गए बेचारे. सोने दो."

आणि आमची आक्का तिच्या खास हिंदीत म्हणाली, "मेरे को बोटवालों ने मान की खुर्ची दी ना! एकदम पैले उतारा हमको."

मग ते म्हणाले, "अरे वाह दीदी! बधाई हो."

त्यांना कळलं होतं का? त्या आवाजावरून मला सांगता येत नाही. आवाजांवर माझं अर्धं पोट चालतं, आणि तो एक आवाज मला अजून लागला नाही. त्यांच्या बायकोचा तर आवाजच आला नाही. बॅग वर ठेवल्याचा आला.

मुंबईपर्यंत मी डोळे उघडले नाहीत. साडेपाच तास. सुमनला वाटलं मला ताप आलाय. माझ्या वाटणीचं जेवण आक्काने खाल्लं, गुलाबजामासकट. मी उठलो तेव्हा ते दोघं उतरून गेले होते. खाली त्यांना खुर्ची मिळाली असावी. असावी — मी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सिन्नरला काय बारसं झालं म्हणता! पाळणा आमच्या शेवंतीने मढवलेला. आक्का वाकली, बायकांनी तिच्या पाठीत असे धपाटे घातले की तिचा चष्माच पाळण्यात पडला. "कुर्रर्र" करून तिने कानात नाव सांगितलं आणि मग ताठ उभी राहून सगळ्यांना: "शेवंती!" सूनबाई एकदा पाळण्याकडे, एकदा फुलांकडे बघत राहिली, मग हसायलाच लागली. घुगऱ्या वाटून व्हायच्या आत आक्काने मानाच्या खुर्चीची गोष्ट सुरू केली होती. मी लिफ्टचा आवाज काढला. टाळ्या पडल्या.

आता शेवंती तीन वर्षांची आहे. गोष्टीत कुठे राणीसारखा हात करायचा ते तिला बरोबर माहीत आहे. ती कुणाला हात करते ते तिला माहीत नाही.

आणि ताजी बातमी: आक्काचं भजनी मंडळ यंदा दिवाळीनंतर बोटीवर निघालंय. अकरा बायका. आक्काने सगळ्यांना बजावून ठेवलंय की उतरताना मानाच्या बाईला खुर्ची मिळते. यावेळी मान सुभद्राबाईंचा ठरलाय; त्यांनी त्यासाठी नवी नऊवारीही घेतली. आणि सगळ्यांची व्यवस्था बघायला बरोबर कोण? मंडळाने एकमताने माझं नाव घेतलं. परवा आक्का चारचौघींत म्हणाली, "आमचा भाऊ हाय ना, त्याला बोटीतलं सगळं कळतं." सगळ्या हसल्या. मीही हसलो, सगळ्यांत मोठ्याने.

त्या गृहस्थांचं नाव मला माहीत नाही. खोली नंबर अजून पाठ आहे. ते मला कलाकार म्हणाले, झोपू द्या म्हणाले.

मी झोपलेलो नव्हतो.